जळगावहून सासू-सासरे येताहेत: तीन आठवड्यांच्या जेवणाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई पुण्यात नोकरी करतात, माहेर रत्नागिरीचं. सासू-सासरे जळगावहून तीन आठवड्यांसाठी येताहेत, देवदिवाळीच्या (मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या) आठवडाभर आधी. सासऱ्यांना घरात नाना म्हणतात. भाजी-आमटीत गूळ पडलाय हे जिभेला कळलं की नाना वाटी बाजूला सारतात. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. सासूबाईंनी कांदा, लसूण आणि वांगं कांदेनवमीला सोडलंय, ते त्या चंपाषष्ठीलाच धरणार. पनीर, मशरूम, पास्ता दोघांनाही नको. मागच्या वेळी दोघं आठवडाभर दहीभात आणि केळी खाऊन परत गेले. नवरा म्हणतो, "अगं, त्यांना काहीही चालतं." आणि ताई विचारतात, रोज दोन्ही वेळा करू तरी काय?

मी पुण्यात 22 वर्षं घरगुती डबे करते. माझ्याकडचे निम्म्याहून जास्त डबे एकट्या-दुकट्या म्हाताऱ्या माणसांचे आहेत, मुलं परदेशात नाहीतर बंगलोरला. नाशिक, नगर, अकोला, कारवार, सगळीकडची जीभ सांभाळून झालीये. तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

"काहीही चालतं" हे वाक्य आधी मनातून काढून टाका. मुलगा हे खोटं बोलत नसतो. त्याच्या आठवणीत आई करायची आणि वडील खायचे, बस. नाना समोर येईल ते खायचे, कारण समोर येणारं सगळं त्यांच्या बायकोच्या हातचं असायचं. त्यामुळे नवऱ्याकडून माहिती काढण्यात वेळ घालवू नका. नणंद असेल तर तिला विचारा, ती जास्त खरं सांगेल.

आणि सासूबाईंना फोनवर "काय काय आवडतं तुम्हाला?" असंही विचारू नका. या प्रश्नाला सगळे सणाचं उत्तर देतात. पुरणपोळी म्हणतील, मांडे म्हणतील, नाहीतर "तू करशील ते" म्हणतील. त्याऐवजी येण्याआधीचे सात दिवस रोज संध्याकाळी फोन करायचा आणि गप्पांच्या ओघात एवढंच विचारायचं, "आज काय केलं होतंत?" सकाळी काय, रात्री काय, किती वाजता जेवलात, नानांनी भात घेतला का. फोन ठेवल्यावर लिहून ठेवा. आठव्या दिवशी तुमच्या हातात त्या घराचं खरं ताट असेल. त्यात बहुतेक असं दिसेल की सात दिवसांत पाच-सहाच भाज्या फिरल्यात, भाकरी रोज आहे, रात्री खिचडी नाहीतर वरण-भात दोन-तीनदा आलाय आणि तुम्हाला वाटतं तसं सुग्रास काही झालेलंच नाही. खाण्यात चोखंदळ म्हणतो ती माणसं शंभर पदार्थ नाकारतात खरी, पण दहा पदार्थ वर्षानुवर्षं न कंटाळता खातात. आपल्याला त्या दहांशी मतलब.

माझंच सांगते. माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर नागपूरकडचं. लग्नानंतर सासू-सासरे पहिल्यांदा पुण्यात आले तेव्हा मी चार दिवस झटून स्वयंपाक केला. रोज दोन भाज्या, कोशिंबीर, गोड. सासरे पोळी खायचे आणि भात वाढायला गेलं की हात आडवा धरायचे. "पोट भरलं." मला वाटलं, वयोमान. पाचव्या दिवशी आत्तेसासूबाईंचा फोन आला तेव्हा कळलं, त्यांना भात म्हणजे शीत न् शीत मोकळं लागायचं आणि मी आमच्या पद्धतीने आंबेमोहोराचा मऊ, गिचका भात करत होते. त्यांच्या लेखी तो आजाऱ्याचा भात. भात बदलला, पाणी कमी केलं, आणि ते पहिल्या वाफेचा भात मागून घ्यायला लागले. चार दिवस मी भाज्या बदलत होते. भाजीचा तिथे काही संबंधच नव्हता.

तेव्हापासून एक सवय लागली. परत आलेलं ताट किंवा डबा मी घासायला टाकण्याआधी नीट बघते. रस्सा संपलाय आणि फोडी तशाच राहिल्यात, तर चवीची तक्रार नाही, दातांची आहे. फोडी वेचून खाल्ल्यात आणि रस्सा तसाच, तर रस्सा गोड, पातळ किंवा तेलकट झालाय. पोळीचा मधला भाग खाल्लाय आणि कडा राहिल्यात, तर पुन्हा दात, नाहीतर पोळी वाळलीये. भाकरीचा पापुद्रा गेला आणि खालचा जाड भाग राहिला, तर भाकरी आतून कच्ची. कोशिंबिरीतली काकडी खाल्लीये आणि दाण्याचं कूट खाली राहिलंय, तर कूट भरड आहे, कवळीखाली अडकतंय. एक काका मला दोन महिने गवार परत पाठवत होते. "मला गवार आवडत नाही." एकदा शिरा काढून, बारीक तोडून, नीट शिजवून पाठवली तर डबा चाटूनपुसून रिकामा. आवडत नाही असं म्हणण्यात मान राहतो. "चावत नाही" म्हणायला त्या वयात लाज वाटते. रात्री उठावं लागेल म्हणून ताक नको, गॅस होतो म्हणून हरभऱ्याची डाळ नको, हेही कोणी सुनेला सांगत नाही. "नको" एवढंच म्हणतात. त्यामुळे पहिले तीन दिवस काही निष्कर्ष काढू नका, फक्त ताटं बघा.

आता स्वयंपाकाकडे येऊ. तुमचा मुख्य घोर असा की नानांना लसूण-तिखट पाहिजे, सासूबाईंना लसूण-कांदा चालत नाही, तुम्हाला स्वतःला गूळ-आमसुलाशिवाय आमटी गिळवत नाही आणि तुमच्या मुलाला तिखट नको. म्हणजे चार स्वयंपाक? नाही. प्रत्येक पदार्थात एक फाटा असतो, तिथपर्यंत सगळ्यांचं एकच शिजतं. तो फाटा कुठे आहे हे ओळखायचं आणि तिथे वाट्या काढून ठेवायच्या.

डाळीचंच बघा. पाच माणसांना एक मोठी वाटी तूरडाळ, हळद-हिंग घालून कुकरला. बाहेर काढून घोटा, मीठ घाला. हा फाटा. इथे सासूबाईंची आणि मुलाची वाटी काढा, ते साधं वरण, वर तूप. मग उरलेल्यातलं नानांचं एका छोट्या पातेल्यात घ्या आणि लोखंडी पळीत तेल तापवून मोहरी, जिरं, ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या आणि दोन सुक्या मिरच्या. लसूण तांबूस झाला की पळी तशीच वरणात बुडवायची आणि झाकण. राहिलेल्यात तुम्ही तुमचा गोडा मसाला, आमसूल, गूळ घाला. एका कुकरातून तीन चवी निघाल्या आणि वेळ गेला जास्तीचा दहा मिनिटं. फक्त क्रम चुकवू नका. लसणीची पळी आधी सासूबाईंच्या वाटीत बुडवून मग "थोडंसंच लागलंय" म्हणणं म्हणजे इतक्या महिन्यांचा नेम आपल्या हातून मोडणं. त्यांच्यासाठी पळी, चमचा, छोटी कढई वेगळीच ठेवा आणि हे त्यांना दिसेल असं ठेवा. न सांगता विश्वास बसतो. मागच्या वेळी त्यांनी दहीभात धरला त्यामागे हीच शंका असणार असं मला वाटतं. दहीभातात कोणाची पळी बुडत नाही.

भाज्यांचंही तसंच. बटाटा, फ्लॉवर-मटार, कोबी, दोडका, गिलकी, या सगळ्या हिंग-जिऱ्यावर परतून शिजवायच्या, सासूबाईंचं काढायचं आणि उरलेल्यावर लसूण-मिरचीची फोडणी वरून ओतायची. मेथीला मात्र हे जमत नाही. मेथीत लसूण आधी पडला तरच ती मेथी. तेव्हा मेथी दोन कढयांत करा किंवा त्या दिवशी सासूबाईंना मूगडाळ घालून करा.

रत्नागिरीचा हात आणि जळगावची जीभ यात भांडण कुठे होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे अर्धं काम होईल. नानांना खोबरं नको असं नाही. त्यांना ओला नारळ नको. खानदेशात सुकं खोबरं भाजून, कांदा-लसणासोबत काळपट होईपर्यंत परतून वाटतात. आपण ओला नारळ वाटून घातला की त्यांच्या जिभेला तो रस्सा गोडसर आणि दुधट लागतो. गूळ न घालताही गोड लागतो, हे लक्षात ठेवा. मागच्या वेळी त्यांनी "गूळ घातलास का?" म्हटलं असेल आणि तुम्ही घातलेला नसेल, तर तो नारळ होता. कोथिंबीर-खोबऱ्याची सजावटही भाजीवर नको. पोह्यांवरसुद्धा नको. आणि पुण्यात पोह्यात चिमूटभर साखर घालायची खोड सगळ्यांना असते, ती तीन आठवडे विसरा.

म्हणून ते यायच्या आधीच्या रविवारी एक वाटण करून ठेवा. पाव किलो कांदा उभा चिरून तेलात चांगला तांबूस, शंभर ग्रॅम सुकं खोबरं गॅसवर खरपूस भाजून, लसणाचे दोन मोठे गड्डे, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर. पाणी अगदी कमी घालून वाटा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतं. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर छोट्या डब्या भरून फ्रीझरला टाका. मसाला मात्र तिकडचाच हवा. सासूबाईंना येताना घरचा काळा मसाला आणायला सांगा. मोकळेपणी सांगा, "आई, तुमच्याकडचा मसाला घेऊन या, इथे तसा मिळत नाही." पिशवीतून मसाल्याची बरणी काढताना त्यांचा चेहरा बघा. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला त्या बरणीने घरात जागा मिळते.

हे वाटण आणि हा मसाला असला की शेवभाजी वीस मिनिटांत होते. नानांना ती आठवड्यातून एकदा तरी द्या. तेलात वाटण परता, काळा मसाला, तिखट, गरम पाणी, पाच-सात मिनिटं खळखळून उकळी. तेलाचा तवंग वर आला पाहिजे. शेव जाड आणि तिखट, भाजीची म्हणून वेगळी मिळते ती. ती रश्शात टाकून शिजवायची नाही. ताटात वाढायच्या क्षणी वाटीत शेव आणि वरून कढत रस्सा. उपमा ढवळल्यासारखी शेव पातेल्यात ढवळली की लगदा होतो आणि नाना पुन्हा दहीभातावर जातात. शेवेत मीठ भरपूर असतं, म्हणून रश्शात हात आखडता घ्या. रक्तदाबाचीही गोळी असेल तर त्या दिवशी पापड-लोणचं ताटात नको.

भाकरी हा तुमच्या तीन आठवड्यांचा कणा आहे. पीठ दुकानातलं पाकीटबंद घेऊ नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो (आमच्याकडे विरी गेली म्हणतात), थापताना कडा चिरतात आणि भाकरी वाळल्यासारखी लागते. दादर ज्वारी मिळाली तर उत्तम, नाहीतर चांगली मालदांडी घ्या आणि आठवड्यापुरती, दोन किलोच, गिरणीतून दळून आणा. एका किलोत मध्यम आकाराच्या पंधरा-सोळा भाकऱ्या होतात. पीठ थोडं जुनं असेलच तर कढत पाण्यात भिजवा, बरंच सावरतं. आणि एक दळण कळण्याचं ठेवा. चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद आणि थोडं खडेमीठ एकत्र दळायचं. गिरणीवाल्याला जरा जाडसर दळायला सांगा. कळण्याची भाकरी, ठेचा, कच्चं तेल आणि कांदा. खानदेशच्या माणसाला यापुढे भाजी नसली तरी चालते, आणि तुमची एक रात्र भाजीशिवाय निघते. फक्त उडीद पचायला जड, तेव्हा ही भाकरी दुपारी बरी.

तुम्ही नोकरीवर जाणार, मग दुपारची गरम भाकरी कोण करणार? खरी अडचण इथे आहे, मेनूत नाही. पोळ्या-भाकऱ्यांना बाई लावता येते, पण काही घरांत बाईच्या हातचं चालत नाही. ते आधी नणंदेकडून काढून घ्या. चालत असेल तर बाईंची वेळ नानांच्या जेवणाला जोडून घ्या, सकाळी आठला करून डब्यात बंद केलेली भाकरी बाराला त्यांना नको असते. चालत नसेल तर ज्वारीच्या जागी दुपारी पोळी ठेवा आणि भाकरी रात्री तुम्ही आल्यावर. सासूबाईंना स्वतःला करायची असेल तर करू द्या. पुष्कळ सुनांना वाटतं, आल्या आल्या त्यांना चुलीपाशी कसं उभं करायचं? आणि पुष्कळ सासवांना वाटतं, या घरात मला हात लावायला काही नाही. मी मधला मार्ग काढते तो असा की सांगायचं काहीच नाही. परात, पिठाचा डबा, तवा आणि उलथणं हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात ठेवायचं, वरच्या मांडणीवर नाही. ज्यांना करायचं त्या करतात. गुडघे दुखत असतील तर ओट्याऐवजी टेबलावर थापायची सोय करा.

वेळेचं मात्र लवचीक ठेवू नका. नाना जळगावात बाराला आणि साडेसातला जेवत असतील तर पुण्यातही बाराला आणि साडेसातलाच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं सुरू होतं. "मुलगा आला की एकत्र बसू" हे ऐकायला छान वाटतं, पण तुमचा नवरा नऊला येतो. नानांना वेळेवर वाढा, नवरा आला की त्याच्याबरोबर त्यांना ताक घेऊन बसू द्या. गोळ्या कुठल्या, जेवणाआधी की नंतर, हे एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा, त्यांच्या डॉक्टरांनी जे पथ्य दिलंय तेही. रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरीनसारखी गोळी असेल तर "थंडीत पालेभाजी चांगली" म्हणून रोज पालक-मेथीचा मारा नको. तिकडे जेवढी खातात तेवढीच इथे, कमी नाही न् जास्त नाही.

मेनू कसा लावायचा? 21 दिवसांच्या 42 जेवणांचा तक्ता कोणी लावत बसू नये. मी ताटाचे चार कोपरे धरते: भाकरी किंवा पोळी, डाळ, भाजी आणि चव लावायला काहीतरी. यातले तीन कोपरे एका जेवणात ओळखीचेच असले पाहिजेत, नवं आलंच तर चौथ्यात. तुम्हाला तुमची कोकणातली वालाची उसळ खिलवायची हौस आहे ना? खिलवा. पण त्या दिवशी भाकरी तीच, लसणीचं वरण तेच, ठेचा तोच. उसळ एका वाटीत, थोडी. खाल्ली तर उत्तम. नाही खाल्ली तर माणूस उपाशी उठत नाही. मागच्या वेळी बहुधा चारही कोपरे अनोळखी होते.

पहिले चार दिवस तर नवं काहीच नको. प्रवासातून आल्या रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, तूप, भाजलेला पापड, कढी. कढीत साखर नको. दुसऱ्या दिवशी दुपारी बटाट्याची सुकी भाजी, पोळी, वर सांगितलेलं तीन चवींचं वरण, भात. रात्री पिठलं-भाकरी. पिठलंही फाट्यावर वाटून घ्या, सासूबाईंचं हिंग-मिरचीवर. तिसऱ्या दिवशी मटकीची उसळ, चौथ्या दिवशी नानांची शेवभाजी आणि सासूबाईंना दोडक्याची भाजी. यात कोणाला "वा" म्हणायला लागेल असं काही नाही, आणि तेच हवंय. पाचव्या दिवसापासून थंडीतल्या ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, मटार, हरभऱ्याचा पाला असं बाजारात दिसेल तसं आणा. तुरीच्या शेंगा आणून सोलायला नानांपुढे ठेवल्यात तर त्यांची दुपार जाईल आणि भाजी न कुरकुरता संपेल. स्वतः सोललेलं माणूस टाकत नाही.

नाश्त्याचा फार विचार करू नका. पोहे, उपमा, थालीपीठ, रात्रीच्या भाकरीचा कुस्करा. चहाचा मात्र करा. माझं मत विचाराल तर पाहुण्या म्हाताऱ्यांची निम्मी नाराजी सकाळच्या पहिल्या चहातून सुरू होते. ते साडेपाचला उठतात, घर झोपलेलं, गॅस कसा पेटतो माहीत नाही, साखरेचा डबा सापडत नाही, तोवर सात वाजतात आणि डोकं चढतं. पहिल्याच संध्याकाळी दोघांना ओट्यापाशी नेऊन गॅस पेटवून दाखवा, चहा-दुधाची जागा दाखवा आणि चहाचं खातं त्यांच्याकडे सोपवा. तुम्हालाही उठल्यावर आयता चहा मिळेल, त्याचा संकोच करू नका.

मार्गशीर्ष लागला की सासूबाईंचे गुरुवार असतील. उपासाला काय चालतं हे घराघराचं वेगळं. कुठे जिरं चालतं, कुठे नाही. कोथिंबिरीवरून तर मी भांडणं पाहिलीत. हळद बहुतेक ठिकाणी नाही. साबुदाणा भिजत घालण्याआधी विचारा. त्यांच्याकडे भगर आणि दाण्याची आमटी जास्त चालत असेल, ती पोटालाही हलकी. गुरुवारी रात्री नैवेद्याचं गोड होतं, त्यात नानांचा वाटा किती ते सासूबाईंना ठरवू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

जेवताना समोर उभं राहून "कसं झालंय?" विचारू नका. याला "छान" हेच उत्तर असतं, आणि त्यातून काही कळत नाही. विचारायचंच तर नेमकं विचारा: "तिखट वाढवू का उद्या?" "भात अजून मोकळा हवा का?" आणि ताटात काही उरलं तर त्यावर एक शब्द नको. नवऱ्यालाही ताकीद द्या. "नाना, खाऊन तर बघा, हिनं एवढं केलंय" हे वाक्य त्याने उच्चारलं की त्या पदार्थाचा निकाल लागला समजा. पनीर-पास्ता मुलासाठी करायचं तर करा, टेबलावर ठेवा, आग्रह कोणालाच करू नका. एके दिवशी नातवाच्या ताटलीतला एक घास नाना उचलतील. उचलला तरी तुम्ही पाहिला नाही.

आता राहिला तुमचा हुकमी एक्का. तारखा मोजल्यात तर चंपाषष्ठी तुमच्या तीन आठवड्यांच्या साधारण मधे येते, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला. त्या दिवशी खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य, आणि सासूबाईंचं कांदा-लसूण-वांगं पुन्हा सुरू. म्हणजे पाच महिन्यांनी दोघं एका पातेल्यातलं जेवणार. तोवर घरात वांगं आणूच नका, नानांनी मागितलं तरी "षष्ठीला करू" म्हणा. वाट बघण्यातही चव येते.

भरिताला जळगावकडची वांगी आणा. मोठी, फिकट हिरवी, पांढुरके पट्टे असलेली. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, नाना तुम्हाला हे सांगतीलच, तुम्ही पहिल्यांदा ऐकताय असं दाखवा. थंडीत पुण्याच्या मंडईत ती दिसतात, पण भाजीवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवलेलं बरं. आकाराच्या मानाने हाताला हलकी लागतील ती घ्या, त्यात बिया कमी. पाच माणसांना दीड किलो पुरतं. वांग्याला टोचे मारून तेलाचा हात लावा आणि थेट आचेवर, फिरवत फिरवत, साल काळं होऊन सुटेपर्यंत भाजा. काट्याकुट्यांवर किंवा तुराट्यांवर भाजल्याचा वास गॅसवर येत नाही, पण गच्चीवर शेगडी पेटवता आली तर ते काम नानांना द्या. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून वेगळे ठेचा. साल काढून देठासकट गर ठेचायचा, तिकडे त्यासाठी लाकडी बडगी असते. फोडणीत तेल सढळ, जिरं, मूठभर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, मग ठेचा, मग गर, शेवटी भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नको, गरम मसाला नको, दही तर नकोच नको. बडगी नसेल तर खलबत्त्यात थोडं थोडं घेऊन ठेचा किंवा परातीत तांब्याच्या बुडाने रगडा. मिक्सर लावलात तर नाना आवाजावरूनच ओळखतील.